दूरचित्रवाणी संचाची निवड : दोन संच, दोन खोल्या

(तृतीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रासारख्या विषयावर लेखणी उचलावी, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. पण प्रसंगच तसा आला. वसतिगृहाच्या सामाईक दालनातला जुना दूरचित्रवाणी संच 2025 च्या पावसाळ्यात कायमचा मिटला. वर्गणी गोळा झाली, खरेदी समिती नेमली गेली आणि तिच्यात माझी वर्णी लागली. योगायोग असा की, त्याच सुमारास आमच्या घरीही नवा संच घ्यायचे ठरले. बाबा नुकतेच सेवानिवृत्त झालेले. तेव्हा घरचा पैसाही वर्गणीइतकाच जपून खर्चायचा होता. दोन्हीकडे आकार ठरला 55 इंची, किंमत ठरली 55 हजारांच्या आतबाहेर, आणि निवड येऊन ठेपली त्याच दोन संचांवर. शेवटी वसतिगृहात एक आला आणि घरी दुसरा. एकाच माणसाने एकाच महिन्यात दोन उलट निर्णय का घेतले, याचा हिशेब येथे मांडतो.

थोडे थांबलो याचा एक फायदा झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरील संचांवरचा वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. करासह 60 हजारांचा संच त्यामुळे साधारण 55,300 रुपयांना पडू लागला. अर्थशास्त्राच्या तासाला ऐकलेले गणित प्रथमच कामी आले.

आता ते दोन संच. उत्पादकांची नावे सांगत नाही, कारण ती दर वर्षी बदलत्या क्रमांकांनी येतात आणि जातात. खरा फरक काचेमागे असतो. त्या काचेच्या पडद्याला बाजारात ‘पॅनेल’ म्हणतात आणि मध्यम किमतीच्या संचांत त्याच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात : व्हीए आणि आयपीएस. (दुसरे नाव ऐकून समितीतल्या एका सभासदाला स्पर्धापरीक्षा आठवली आणि सभा दहा मिनिटे तहकूब झाली.) ओएलईडी नावाची तिसरी जात आहे, तिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो व स्वतः विझतो. पण ती आमच्या खिशाबाहेरची, म्हणून येथे तिचा विचार नाही.

या दोन्ही जातींत पडद्यामागे दिवे सतत जळत असतात. पुढे द्रवस्फटिकांचा थर असतो. तो प्रकाश अडवतो किंवा सोडतो. व्हीए पडद्यात विजेचा दाब नसताना स्फटिकांचे रेणू काचेशी काटकोनात उभे असतात आणि प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो. दाब दिला की ते कलतात व प्रकाश बाहेर येतो. ज्वारीच्या शेताची कल्पना करा. वाऱ्याने कललेली धाटे बांधावरून एक दिसतात आणि शेताच्या दुसऱ्या टोकावरून वेगळीच दिसतात. व्हीए पडद्याचे तसेच आहे : समोरून काळा रंग काळाभोर, पण बाजूला सरकले की तोच रंग राखेसारखा आणि बाकीचे रंग धुतल्यासारखे. आयपीएस पडद्यात रेणू काचेला समांतर पडलेले असतात आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे त्याच पातळीत फिरतात. तबकडी बाजूने पाहिली तरी काटे वाचता येतात. तसे चित्र बाजूनेही बरेचसे टिकते. मात्र प्रकाश पूर्ण अडवणे याला तितके जमत नाही. म्हणून काळा रंग थोडा करडा.

हा फरक पुस्तकात वाचण्याआधी मी भोगलेला आहे. आमच्या दालनात बसण्याची एक अलिखित वर्णव्यवस्था आहे. मधल्या खुर्च्या तृतीय वर्षाच्या, त्यामागे द्वितीय वर्ष, आणि प्रथम वर्षाने भिंतीकडेला किंवा दाराशी सतरंजीवर बसायचे. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा मी प्रथम वर्षाला होतो. ट्रॅव्हिस हेडच्या 137 धावा मी दाराशेजारून पाहिल्या. मधल्या खुर्च्यांवरून हिरवेगार दिसणारे मैदान माझ्या जागेवरून फिकट पोपटी होते आणि आपल्या खेळाडूंचा निळा रंग उन्हात वाळून विटलेल्या शर्टासारखा. भारत हरला म्हणून जग फिके वाटते आहे, अशी मी समजूत करून घेतली होती. पण दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या वेळी मधल्या खुर्चीवर बसून पाहिले आणि रंग परत आले! तो संच व्हीए जातीचा होता. ज्यांनी तो निवडला त्यांनी दुकानात बरोबर समोर उभे राहून निवडला होता आणि वसतिगृहातही ते बरोबर समोरच बसत होते. त्यांना दोष दिसणार कसा?

म्हणून या वेळी समितीने आधी दालन मोजले. पहिली सतरंजी पडद्यापासून 6 फुटांवर अंथरली जाते आणि तिची टोके मध्यरेषेपासून 8 फूट दूर जातात. म्हणजे टोकाला बसलेला मुलगा पडद्याकडे सुमारे 53 अंशांच्या कोनातून पाहतो. मागच्या रांगेत, 10 फुटांवर, तेवढ्याच बाजूला बसणाऱ्याचा कोन 39 अंशांच्या आसपास. साध्या व्हीए पडद्यावर 20-30 अंशांपासूनच रंग उतरू लागतात. वहीत रेघा मारून पाहिल्या, तेव्हा चाळीस जणांपैकी निम्म्याहून अधिक मुले त्या कोनाबाहेर पडली. आमच्या एका सरांनी यावर आठवण सांगितली. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतर त्यांच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात संच होता आणि सारी चाळ दारा-खिडक्यांतून पाहत असे. “पण तेव्हा बाजूने पाहिले म्हणून चित्र फिके पडत नव्हते,” असे ते म्हणाले. सरांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. जुन्या नळीच्या संचात काचेच्या आतला लेप स्वतः उजळे आणि त्याचा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरे. जागेची ही अडचण सपाट पडद्यांनी आणली.

येथवर वाचून व्हीए पडदा टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. त्याची बाजू मांडली चित्रपट मंडळाच्या मुलांनी, आणि ती हिरीरीने मांडली. त्यांचा दाखला होता ‘कागज़ के फूल’चा. 1959 सालचा हा चित्रपट म्हणजे भारतातला पहिला सिनेमास्कोप, छायालेखन व्ही. के. मूर्ती यांचे. अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत! भोवतीचा काळोख करडा झाला तर झोताला अर्थ काय उरला? शिवाय सिनेमास्कोपचे चित्र बरेच रुंद असल्यामुळे आजच्या पडद्यावर वर-खाली रिकामे पट्टे राहतात. 55 इंची पडद्याची उंची साधारण 27 इंच. त्यातले साडेसहा इंच चित्रपट संपेपर्यंत काळे असायला हवेत. ते करडे दिसले की डोळा सारखा तिकडे जातो.

त्यांचे म्हणणे आकड्यांतही खरे आहे. पडद्यावरचा पांढरा भाग काळ्यापेक्षा किती पट उजळ, या प्रमाणाला ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. आयपीएस पडद्यात ते हजारास एकच्या आसपास असते. व्हीएमध्ये तीन ते पाच हजारांस एक. उजेड मोजण्याचे एकक ‘निट’. पांढरा भाग 300 निट धरला तर आयपीएसचा काळा 0.3 निट आणि चांगल्या व्हीएचा 0.06 निट. अंधारात हा पाचपट फरक डोळ्यांत भरतो.

पण आमच्या दालनात अंधार असतो कधी? तीन खिडक्या, त्यांना पडदे नाहीत, आणि सामने दुपारचे. खिडकीचा उजेड काचेवरून परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांत येतो. तो फक्त 2 निट धरा. आता आयपीएसचे प्रमाण होते 302 भागिले 2.3, म्हणजे सुमारे 131. आणि व्हीएचे 302 भागिले 2.06, म्हणजे सुमारे 147. पाचपट फरक आठव्या हिश्श्यावर आला! उजेडाच्या खोलीत व्हीएचा काळा रंग विकत घेऊन तो खिडकीला दान करण्यासारखे आहे. माझ्या मते या खरेदीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि विक्रेत्याच्या तोंडून ती एकदाही निघाली नाही.

तो बोलत होता ‘फोर-के’विषयी. मुळात दोन्ही संच फोर-के होते. पण मान्य करू की ठिपके जास्त असणे चांगले. ते दिसतात किती अंतरावरून? निरोगी डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. त्या हिशेबाने 55 इंची पडद्यावरचे फोर-के ठिपके 3.5-4 फुटांपलीकडे एकमेकांत मिसळतात आणि त्याहून निम्म्या घनतेचे फुल एचडी ठिपकेही 7 फुटांपलीकडे. आमची मधली खुर्ची 10 फुटांवर. तेव्हा त्या शब्दावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

हालचालीबाबत थोडे सांगायला हवे. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांचा असतो, तर हे संच सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतात. 24 ने 60 ला नीट भाग जात नाही. म्हणून एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा असे दाखवावे लागते आणि कॅमेरा संथ सरकताना हिसके जाणवतात. त्यावर उपाय म्हणून संच मधली चित्रे स्वतः कल्पून भरतो. क्रिकेटला ते चालून जाते; चित्रपट मात्र मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझने खास ध्वनिचित्रफीत काढून ही सोय बंद करा अशी विनंती प्रेक्षकांना केली होती. दोन्ही संचांत ती बंद करता येते, म्हणून निवडीत तिचे वजन शून्य.

दुकानातली परीक्षा कशी घ्यावी, हे आम्ही दोन चुका करून शिकलो. दुकानात संच भडक, निळसर छटेत लावलेला असतो. तो ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ छटेवर आणायला सांगावे. मग पाच पावले बाजूला जावे आणि चक्क खाली बसावे. विक्रेता चमत्कारिक नजरेने पाहतो, पाहू द्यावे. आपल्या पेन ड्राइव्हवर एखादा काळोखी प्रसंग नेला तर उत्तम. एक सावधगिरी मात्र हवी : एकाच नावाच्या संचात 50 इंचीला एक जात आणि 55 इंचीला दुसरी असू शकते. जो आकार घ्यायचा, त्याचीच परीक्षा घ्यावी.

घरचा हिशेब याच्या उलट निघाला. आमची बैठकीची खोली अरुंद. कोच बरोबर समोर, त्यावर तीन माणसे आणि आजीची आरामखुर्ची कोचाला लागून. कोणाचाही कोन 20 अंशांपलीकडे जात नाही. बाबा जुने चित्रपट रात्री दहानंतर, दिवे मालवून पाहतात. आईच्या मालिका संध्याकाळच्या, पण तिलाही समोरचीच जागा. आजीला एकच हवे होते, अक्षरे ठळक दिसावीत. त्यासाठी मी तिची खुर्ची दोन फूट पुढे सरकवली. घरी व्हीए घेतला.

वसतिगृहात मतदान झाले. आयपीएसच्या बाजूने सात, व्हीएच्या बाजूने चार. चित्रपट मंडळ दोन दिवस रुसले. मग आमच्या सरांनीच तोड काढली. संचाच्या पाठीमागे भिंतीवर उजेड पडेल अशी मंद पांढऱ्या दिव्यांची पट्टी लावली. भिंत किंचित उजळ असली की पडद्यावरचा करडा डोळ्याला काळा भासतो. पडदा बदलत नाही, आपली नजर बदलते. पट्टीचा खर्च मंडळाने आपल्या निधीतून केला. पहिल्या रात्री ‘कागज़ के फूल’च लावला. मी मुद्दाम दाराशेजारच्या सतरंजीवर बसलो. माझ्या शेजारी प्रथम वर्षाची तीन मुले होती आणि त्यांच्यातला एक झोताच्या प्रसंगापर्यंत झोपला होता.