नवा मिररलेस घ्यायचा? आधी गेवराईला एक मुक्काम करा

धुळे-सोलापूर महामार्गावरचं गेवराई बहुतेकांना चहापुरतंच ठाऊक. पण जुन्या कॅमेऱ्यावर भागवावं की नवा घ्यावा, याचा निकाल हिवाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी इथे लागू शकतो. हाताशी सोनीचा ए6400 (2019) आहे आणि ए6700 (2023) खुणावतोय, असं धरून चालू.

सकाळी राक्षसभुवन
माधवराव पेशव्यांनी निजामाला 10 ऑगस्ट 1763 रोजी हरवलं ते इथेच. गेवराईजवळचं हे गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर, त्यामुळे हिवाळ्यात नदीकडे तोंड केलं की ऊन पाठीशी. जायकवाडी धरणातून पाणी सोडलंय का, ते विचारूनच पात्रात उतरा.

अशा उजेडात दोन्ही कॅमेऱ्यांतला फरक शोधावा लागेल. 24 मेगापिक्सेलचे 26 झाले, म्हणजे फोटोची रुंदी 6000 पिक्सेलवरून जेमतेम 6192 झाली. 20 इंची प्रिंटला जुनाही पुरतो.

राक्षसभुवनच्या शनिमंदिरात परवानगी असेल तरच फोटो काढा. अंधारात हात हलतो. ए6700च्या बॉडीत त्यावर स्थिरीकरण आहे, ए6400मध्ये नाही. मात्र लेन्समध्येच ती सोय असेल तर हा फायदा बराच कमी होतो. आणि चालत्या भाविकाचा फोटो हलला, तर त्याला स्थिरीकरणाचा इलाज नाही. शटरचा वेगच वाढवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी नाथसागर
शहागडचा पूल ओलांडून पैठण गाठा. हिवाळ्यात तिथल्या नाथसागर जलाशयावर रोहित पक्षी येतात. शटर 1/2000 वर ठेवून उडता थवा टिपून बघा. ए6700 पक्षी ओळखून फोकस धरतो. खरी प्रगती आहे ती इथे. पण पक्षी चौकटीत ज्वारीच्या दाण्याएवढा दिसत असेल, तर पैसे लांब पल्ल्याच्या लेन्सवर घाला.

धूळ आणि ऊन
लेन्स बदलायची ती गाडीत, काचा वर करून. दोन्ही कॅमेरे 40 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेत आणि इथला मे महिना ती मर्यादा सहज ओलांडतो. नवा घेतला तरी दुपारी तो सावलीतच ठेवायचा.

घरी आल्यावर
फसलेले फोटो डिलीट करू नका. कारणांनुसार वेगळे काढा. पक्ष्यावरचा फोकस सुटलेले जास्त निघाले, तर नवी बॉडी घ्या. पक्षी लहानच आले असतील तर लेन्स घ्या. देवळातले हललेले असतील तर आधी ट्रायपॉड चालेल का, ते बघा. आणि उजेडच चुकीचा असेल तर पुढच्या वेळी तासभर लवकर निघा. त्याला पैसे पडत नाहीत.

बॉडी घ्यायचं ठरलंच तर हिशेब पुरा मांडा. जुन्या ई-माउंट लेन्स नव्यावर चालतील, पण ए6700ची बॅटरी वेगळी आणि मोठी आहे. जवळच्या जुन्या बॅटऱ्या तिथे बसणार नाहीत. जादा बॅटरीची किंमत बॉडीच्या किमतीत धरूनच दुकानात जा.