गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी : कोणती पद्धत काय सांगते?



या सदरात आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी यांवर लिहितो. या खेपेस घरातल्या मायबहिणींच्या तपासणीविषयी लिहीत आहोत. विषय लाजण्याचा नाही.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग बहुतेक एच.पी.व्ही. या विषाणूच्या टिकून राहिलेल्या लागणीतून होतो. पुष्कळ वेळा लागण आपोआप जाते. राहिली तरी कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एवढी मुदत आपल्या हाती असते.

तपासणीच्या पद्धती तीन :

१) अ‍ॅसेटिक आम्ल : ३ ते ५ टक्के द्रावण लावून डोळ्यांनी पाहतात. दोष असल्यास पांढरा डाग उमटतो. प्रयोगशाळा लागत नाही, निकाल लगेच. पण सारी मदार पाहणाऱ्याच्या नजरेवर.

२) पॅप : पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जाणकार माणूस लागतो.

३) एच.पी.व्ही. डी.एन.ए. : यंत्रावर विषाणूच शोधतात. खर्च जास्त.

काणीचा चाबूक दिसतो, तेव्हा रोग आधीच उसात शिरलेला असतो. पहिल्या दोन पद्धती झालेला बदल पाहतात, तिसरी मूळ कारण शोधते.

याचा पडताळा आपल्याच भागात झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचे चार गट करून अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गटात या रोगाने ६४ मृत्यू, तर एकदाच एच.पी.व्ही. तपासणी झालेल्या गटात ३४. उरलेल्या दोन गटांत खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांत आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधी तपासणीही नेमाने केली तर कामाची आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तपासणीत दोष निघाला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. पुढे कॉल्पोस्कोपीने बारकाईने पाहतात, आणि सुरुवातीचा दोष असेल तर गर्भाशय न काढताही तेवढाच भाग नष्ट करता येतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यास २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. कुणी कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला सांगितले, तर आधी तपासणीचा कागद मागा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करावी. आपल्या फडावर येणाऱ्या टोळीतल्या बायकांनाही हे सांगावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी