फडताळ आवरताना

पावसाळा संपून आश्विनाचे ऊन पडू लागले की महाराष्ट्रातील घराघरांत एकच लगबग सुरू होते. चार महिने दमट हवेत मिटून राहिलेली फडताळे, कपाटे आणि ट्रंका उघडल्या जातात. गाद्या-गोधड्या अंगणात किंवा गच्चीवर पसरल्या जातात. दिवाळीच्या आधी घर लख्ख करावयाचे असते, आणि या कामी मुलांनीही हातभार लावावा अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा असते.

अशाच एका घरी आजीने नातवंडांना मधल्या खोलीतील फडताळ आवरावयास सांगितले. बहीण तेरा वर्षांची, भाऊ अकरा वर्षांचा. भावाला वाटले, हे काम घटकाभराचे आहे. त्याने दार उघडले मात्र, वरच्या खणातील कपड्यांचा ढीग त्याच्या अंगावर कोसळला. त्याने तो जसाच्या तसा आत कोंबला, दाराला पाठ लावून ते कसेबसे बंद केले आणि ‘झाले!’ म्हणून आरोळी ठोकली.

आजी हसून म्हणाली, “अरे, हे आवरणे नव्हे, हे झाकणे झाले. आधी फडताळ पुरते रिकामे करा. आत काय आहे हे ठाऊक नसेल, तर काय ठेवावे नि काय काढावे हे कसे ठरवाल?”

मग सारे सामान चटईवर आले. मागल्या वर्षी हरवली म्हणून जिच्याऐवजी नवी आणली होती, ती कात्री एका उशीच्या अभ्र्यात सापडली. आखूड झालेले सदरे, एकेकटे पायमोजे, बिनकाट्याचे घड्याळ, आजोबांचा लोकरी कोट आणि जुनी लुगडी अशा नाना वस्तू निघाल्या. आजीने त्यांचे तीन वाटे करावयास सांगितले. घरात लागणाऱ्या वस्तू एकीकडे, दुसऱ्याच्या उपयोगी पडणाऱ्या दुसरीकडे, आणि खरोखर टाकाऊ असलेल्या तिसरीकडे.

एक स्वेटर उचलताच त्याच्या बाहीला भोके पडलेली दिसली. “कसर लागली,” आजी म्हणाली. लोकरीला भोके पाडणारा जीव म्हणजे एका लहानशा पतंगाची अळी होय. लोकर व रेशीम हे प्राण्यांपासून मिळणारे धागे तिला पचतात, आणि घामाने मळलेली लोकर तर तिला विशेष मानवते. सुती कपड्यांची खळ व पुस्तकांच्या बांधणीतील चिकट लेप यांवर दुसराच एक चंदेरी, बिनपंखी किडा जगतो. लोक या दोघांनाही कसर म्हणतात. दोघांनाही अंधार आणि स्वस्थता हवी असते. म्हणून जे फडताळ वर्षानुवर्षे कोणी हलवीत नाही, तेथेच त्यांचे फावते.

मुलांनी खण कोरड्या फडक्याने पुसले. फडताळ ओलसर भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, म्हणजे मागे वारा खेळता राहील व बुरशी धरणार नाही. लोकरीचे कपडे धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच ठेवावयाचे ठरले. खळीचे सुती कपडे फार दिवस ठेवावयाचे असतील, तर त्यांतील खळ धुऊन काढावी लागते. आईची पैठणी मात्र आजीने उन्हात टाकू दिली नाही, कारण कडक उन्हाने रेशमाचा रंग विटतो. ती सावलीत वाऱ्यावर ठेवून, घडी बदलून, मऊ सुती कापडात गुंडाळली. एकच घडी वर्षानुवर्षे राहिली, तर रेशीम नेमके त्या घडीवर चिरते. डांबराच्या गोळ्या विषारी असतात. घरात रांगते मूल असल्यामुळे त्या न आणता आजीने कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवला.

जुन्या मऊ लुगड्यांचे काय करावे, हा प्रश्न आजीला पडलाच नाही. सुती लुगडे विरले की त्याची बाळासाठी दुपटी होतात. जाडसर भाग गोधडीत जातो. उरलेल्याचे फडके होते आणि फडके झिजले की पोतेरे. आखूड सदरे शेजारच्या लहान मुलासाठी काढून ठेवले.

राहिला आजोबांचा कोट. आजोबा जाऊन पाच वर्षे झाली होती. मुलांना वाटले, आजी तो पुन्हा फडताळातच ठेवील. आजीने त्याच्या बाह्यांवरून एकदा हात फिरविला, खिसे तपासले आणि तो दुसऱ्या वाट्यात ठेवला. “आपल्या रात्रीच्या रखवालदाराला द्या,” ती म्हणाली. “थंडी जवळ आली आहे. येथे ठेवला तर तो कसरच खाईल.”

एवढ्यात भावाने तळच्या खणातून मळकट कापडात बांधलेला एक गठ्ठा काढला. आत पिवळे पडलेले, मोडी लिपीतले कागद होते. एक अक्षर लागेना. त्याने गठ्ठा टाकाऊ वाट्यात ठेवला. बहिणीने तो लगेच उचलला.

“वाचता येत नाही, मग ठेवायचा कशाला?” भावाने विचारले.

आजी म्हणाली, “जे आपल्याला वाचता येत नाही, ते टाकायचे नसते. ज्याला वाचता येते त्याच्याकडे न्यायचे असते.” आणि तिने इतिहासाचार्य राजवाडे यांची हकिकत सांगितली. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतील जुने कागद शोधीत. कित्येक घरांतील कागद वाळवीने खाल्लेले असत, तर कित्येकांतील रद्दीत गेलेले असत. जे हाती लागले, त्यांतून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड सिद्ध केले. पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि एकूण बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीतही त्यांचा पुढाकार होता. कागदांचा असा कापडात बांधलेला गठ्ठा म्हणजेच दप्तरातला ‘रुमाल’. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आजही जपून ठेवलेले आहेत.

“आपल्या गठ्ठ्यातही इतिहास असेल?” भावाने उत्सुकतेने विचारले.

“कदाचित नुसता वाण्याचा हिशेबही असेल,” आजी म्हणाली. “पण ते जाणून मग ठरवू.”

सायंकाळी रद्दीवाला आला. त्याने फुटके डबे आणि जुनी वर्तमानपत्रे नेली. गठ्ठा स्वच्छ कापडात बांधून कोरड्या खणात ठेवला गेला. सुट्टीत तो मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवावयाचा होता. रोजचे कपडे हाताच्या उंचीवर, जड पांघरुणे खाली आणि क्वचित लागणाऱ्या वस्तू वर, अशी सर्वांची जागा ठरली. सकाळी पाठ लावूनही जे दार मिटत नव्हते, ते भावाने आता एका बोटाने लोटले, आणि ते सहज मिटले.

स्वाध्याय

१. ‘हे आवरणे नव्हे, हे झाकणे झाले,’ असे आजी का म्हणाली?
२. आजीने कोट दिला, पण कागद ठेवले. या दोन्ही गोष्टींमागील तिचा विचार तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरातील एक खण वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने आवरा आणि सामानाचे तीन वाटे कसे केले ते दहा ओळींत लिहा.