बाटली काचेची आणा

पावसाळा सरता सरता खरवईतल्या एक मावशी नळाचे पाणी घेऊन दवाखान्यात आल्या. सून सातव्या महिन्यात, आणि पाण्याला औषधासारखा वास. शेजारी एम.आय.डी.सी., तेव्हा शंका रास्तच. सोबत 'पिण्यास योग्य' असा तपासणीचा कागदही होता. मी तो वाचला. त्यात फक्त जंतू तपासले होते!

वाचकहो, गल्लत होते ती इथेच. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरीन आहे, इतकेच कळते. कावीळ, गॅस्ट्रो टाळण्यासाठी ते हवेच. पण कारखान्यातील रसायने त्यात दिसत नाहीत. बदलापूरला उल्हास नदीचे पाणी मिळते. तुरटी, गाळणी आणि क्लोरीन यांनी गढूळपणा व जंतू जातात. विरघळलेली रसायने बरीचशी तशीच राहू शकतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि शेकडो लोकांना त्रास झाला. वालधुनी आपण पीत नाही, हे खरे. पण टँकरला चाके असतात.

बेकेलाइटसारख्या प्लॅस्टिकसाठी फिनॉल लागते. ते पाण्यात असले की क्लोरीनशी मिळून औषधी वास येतो. भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. १०५००) त्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने मात्र वास-चवीने ओळखू येत नाहीत. प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भातील नराच्या वाढीवर त्यांचा परिणाम दिसला आहे. त्यातल्या डी.ई.एच.पी.साठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ८ मायक्रोग्रॅम. एवढे थोडे मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. म्हणून प्रयोगशाळेत 'पाणी तपासा' एवढेच न म्हणता 'फिनॉल आणि थॅलेट तपासा' असे लिहून द्यावे.

मावशींनी पाणी आणले होते थंड पेयाच्या प्लॅस्टिक बाटलीत. प्लॅस्टिकमधूनच थॅलेट पाण्यात उतरले, तर दोष नदीला! बाटली काचेची हवी, शक्यतो प्रयोगशाळेनेच दिलेली. नळाला रबरी वा प्लॅस्टिकची नळी लावू नये. बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवून लगेच पोचवावी. वास आला ती तारीख आणि वेळ चिठ्ठीवर लिहावी. दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात कदाचित काहीच सापडणार नाही.

"तोवर उकळून देऊ का सुनेला?" मावशींनी विचारले. उकळल्याने जंतू मरतात. थॅलेट मात्र भांड्यातच राहते, पाणी तेवढे आटते. वास येईल तेव्हाचे पाणी पिण्यास देऊच नका, असे मी सांगितले.

"आणि लोणच्याची बरणी चालेल ना, डॉक्टर? काचेचीच आहे."

नको म्हटले. तेलाचा अंश राहतो, आणि ही रसायने तेलाला चिकटतात.