रक्तातील बंद झालेले बटण

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा रोग. तरीही असे मूल पहिले काही महिने बहुधा ठणठणीत असते. दुखणे मागाहून सुरू होते. असे का, ते आपण पाहू.

आपल्या जवळजवळ सर्व पेशींत सारखीच जनुके असतात, पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. घरात दिवे पुष्कळ असले तरी आपण हवा तोच लावतो, तसेच हे. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. जन्मानंतर त्याचे जनुक हळूहळू बंद होते व मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनचे जनुक कामाला लागते. सिकलसेलचा दोष या दुसऱ्या जनुकात असतो.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भातील हिमोग्लोबिन पुन्हा काहीसे वाढवते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. रुग्णाच्याच मूळपेशींत बदल करून ते बंद बटण पुन्हा चालू करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तो फार खर्चाचा आहे.

आपल्या हाती असलेला उपाय साधा आहे: लग्नाआधी रक्त तपासून घेणे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता ४ त १ असते. वाहक असणे हा रोग नव्हे. त्यात लपविण्यासारखे काही नाही.