व्हिटॅमिन ईने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का?

प्रश्न : माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. मी आता पन्नाशी ओलांडली आहे. रोज व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम घेतलं तर तो टळतो, असं मित्र सांगतात. सुरू करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका करू. मित्रांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, एके काळी जाणत्या संशोधकांनाही तशी आशा होती. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवरची चाचणी खरं तर फुप्फुसाच्या कर्करोगासाठी होती. व्हिटॅमिन ईने तो कमी झाला नाही, पण प्रोस्टेटचा कर्करोग सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगासाठी सेलेनियम देऊन पाहिलं, तिथेही तसंच घडलं. शोधायला गेले एक, हाती लागलं दुसरं. असा निष्कर्ष पुन्हा तपासल्याशिवाय खरा मानता येत नाही.

म्हणून २००१ मध्ये व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम दोन्ही पारखणारी ‘सिलेक्ट’ ही चाचणी सुरू झाली. ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुष त्यात उतरले. कुणाला खरी गोळी आणि कुणाला नुसती दिसायला तशी, हे त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. तपासण्या मात्र चालू ठेवल्या, हे फार बरं झालं. कारण २०११ मध्ये कळलं, की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्के जास्त होता. सात वर्षांत हजारात ६५ ऐवजी ७६ जणांना. चाचणीत उतरलेल्या त्या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत.

फिनास्टेराइड या औषधाने मात्र प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटलं, हे २००३ मध्ये सिद्ध झालं. पण ते घेणाऱ्यांत आक्रमक गाठी थोड्या जास्त आढळल्या. औषधाने ग्रंथी आकसते, त्यामुळे त्या सुईच्या तपासणीत सहज सापडल्या असाव्यात, असं पुढे बऱ्याच तज्ज्ञांचं मत झालं. अठरा वर्षांनी पाहिलं, तर औषध घेणारे आणि न घेणारे सारखेच जगले होते. त्यामुळे निरोगी माणसाला ते सरसकट देत नाहीत.

वडिलांना हा आजार असला की मुलाचा धोका साधारण दुप्पट होतो. तेव्हा गोळीचे पैसे वाचवा आणि यूरॉलॉजिस्टला भेटा. वडिलांचं निदान कितव्या वर्षी झालं ते सांगा, रक्ताच्या पीएसए तपासणीबद्दल विचारा. लघवीच्या त्रासासाठी आधीच फिनास्टेराइड घेत असाल तर तेही आवर्जून सांगा. त्याने पीएसएचा आकडा जवळपास निम्मा होतो आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो.