वीस की तीस?

अगं, काल फोनवर म्हणालीस, "ताई, पहिले आठ दिवस कानठळ्या बसल्या, आता सवय झाली." तेव्हापासून जिवाला चैन नाही माझ्या. तुझं कांडी मशीन मागांच्या शेडमध्येच, म्हणून बोलते.

अण्णांनाही सवयच झाली होती. उभा जन्म इचलकरंजीत धोट्याच्या मागावर गेला. पाळी सुटली की कानाला दडे बसलेले असायचे, सकाळी मोकळे व्हायचे. पुढे दडे बसलेत हेच त्यांना कळेनासं झालं. कुकरची शिट्टी ऐकू येईना. मग बाजारात भाजीवाली वीस म्हणाली की तीस, ते कळेना. आईला वाटायचं, मुद्दाम लक्ष देत नाहीत. किती भांडणं झाली गं त्यावरून! डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवला तेव्हा कळलं, गोंगाटाने आधी बारीक, चिरके आवाज जातात. बोलणं कानावर पडतं, पण त्यातली स, त, फ अशी अक्षरं गळतात. आईने त्यांची माफी मागितली त्या दिवशी.

आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात केसाळ पेशी, साधारण १५,०००. त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत, कुठल्याही औषधाने. म्हणून तुझा 'सवय' हा शब्द मला नको वाटतो.

८५ डेसिबलमध्ये आठ तास, इथवर कान कसाबसा तग धरतो. पुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट, म्हणजे वेळ निम्मा. ९४ ला जेमतेम तासभर! मोजायला यंत्र नको. हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागलं की समज, ८५ ओलांडले.

कापसाचा बोळा उपयोगाचा नाही, आणि मोबाईलचे इअरफोन घालून त्यावर गाणी तर मुळीच नको. फोमचे इअरप्लग घे. हात धुऊन प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरायचा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की नीट बसला. गप्पांसाठी अर्धा तास जरी काढून ठेवलास, तरी दिवसभराचा बराचसा फायदा जातो. बोलायचं तर शेडबाहेर ये.

मालकाकडे प्लग मागायला लाजू नकोस. गोंगाटाने येणारं बहिरेपण कायद्यातल्या कामाच्या आजारांच्या यादीत आहे. जॉबरलाही सांग, ढिले बोल्ट आवळ, मागाखाली रबर घाल. खडखड थोडी तरी कमी होईल.

आणि कानाची तपासणी आत्ताच करून घे, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येईल. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीवर जायच्या आधी. दडे बसलेल्या कानाचा आलेख खरा येत नाही. ईएसआयचं कार्ड तेवढं आठवणीने आण, मी येते सोबत.